रस्ता विचारणारा ड्रायव्हर

काका आमच्या धावणाऱ्यांच्या गटात आले ते धावायला नव्हे, गाडी चालवायला.

गट सुरू केला पीटीच्या बाईंनी. शाळेतून बाई निवृत्त झाल्या, पण त्यांच्या गळ्यातली शिट्टी काही निवृत्त व्हायला तयार नव्हती. थंडी पडली की माणसं पांघरुणात शिरतात, अंग आखडून बसतात, याचा त्यांना मनापासून राग. आणि त्याच दिवसांत एकट्यादुकट्या म्हाताऱ्या माणसांच्या अंगणात पानांचा खच पडतो, छपराच्या पन्हळी तुंबतात, सरपण फोडून द्यायला कोणी नसतं, हेही त्यांनी पाहिलेलं. त्यांनी दोन्हीची सांगड घातली. थंडीतल्या दर रविवारी सकाळी पळत कोणाच्या तरी घरी जायचं, तिथे तासभर राबायचं आणि पळत परत यायचं. "नुसतं गोल गोल पळू नका," बाई म्हणायच्या. "पळून कुठेतरी पोचा."

पहिल्या हिवाळ्यात अवजारं आम्ही खांद्यावर घेऊन पळायचो. धुक्यातून फावडी, कुदळी आणि दंताळी घेतलेली दहा-बारा माणसं धापा टाकत येताना दिसली की लोक पटकन दार लावून घेत. एकदा आमच्या गटातल्या वकीलसाहेबांच्या दंताळ्यात माझी लोकरीची टोपी अडकली आणि त्यांना पत्ताच नाही. चौकातून वळेपर्यंत ती झेंड्यासारखी त्यांच्या डोक्यावर फडकत होती. पुढच्या वर्षी बाईंच्या एका जुन्या विद्यार्थ्याने, लाँड्रीवाल्याने, त्याची वापरात नसलेली व्हॅन आम्हाला देऊन टाकली. आता अवजारांची सोय झाली, पण व्हॅन चालवणार कोण? ज्यांना पळायचं होतं त्यांना गाडीत बसायचं नव्हतं. ज्यांना गाडीत बसायचं होतं, म्हणजे वकीलसाहेबांना, त्यांना बाई बसू देत नव्हत्या.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. मोठ्या दवाखान्यातल्या एक सिस्टर आमच्याकडे नंबर बदलायला यायच्या. आम्ही त्यांना काकू म्हणायचो. बोलता बोलता मी त्यांना आमची अडचण सांगितली. त्या फ्रेम नाकावर चढवून आरशात बघत म्हणाल्या, "माझ्याकडे एक ड्रायव्हर आहे. घरीच आहे. खिडकीत बसून लोकांनी गाड्या कशा चुकीच्या लावल्यात ते मला सांगत असतो. घेऊन जा त्याला, तुझे उपकार होतील."

तो ड्रायव्हर म्हणजे त्यांचा नवरा.

काकांनी आयुष्यभर एकच काम केलं, रुग्णवाहिका चालवली. निवृत्त झाले त्या दिवशी सहकाऱ्यांनी हार घातला, फोटो काढला, आणि दुसऱ्या दिवसापासून कोणालाच कुठेही घाईने पोचवायचं नव्हतं. सुरुवातीला त्यांनी घरातले सगळे नळ दुरुस्त केले. मग दारांना तेल दिलं. मग काही उरलं नाही. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून बसून पाय सुजायला लागले. डॉक्टरांनी रोज चाला म्हणून बजावलं, तर हे "उद्यापासून" म्हणायचे. काकूंच्या दवाखान्यातल्या पाळ्या चालू होत्या. त्या घरी यायच्या तेव्हा काका त्याच खुर्चीत, कधी कधी दिवासुद्धा न लावता. "बोलायचे, हसायचे, जेवायचे सगळं," काकू मला म्हणाल्या होत्या, "पण कुठेतरी गाडी बंद पडल्यासारखी."

पहिल्या रविवारी ते वेळेच्या आधी हजर होते. उंच, जरा वाकलेले, गळ्याला मफलर, हात मागे बांधलेले. व्हॅनभोवती एक फेरी मारली, चाकांवर बुटाने ठोकून पाहिलं, आरसा पुसला. मग मागचं दार उघडून अवजारांकडे बघत राहिले. आम्ही ती नुसती फेकलेली होती. त्यांनी एकेक बाहेर काढलं, पात्यांना पोती गुंडाळली आणि पट्ट्यांनी सगळं असं हळुवार बांधलं, की त्या फावड्यांना ताप आला असावा असं वाटावं.

"रस्त्यात काही हलता कामा नये," ते म्हणाले. एवढंच.

आम्ही पळायला लागलो आणि ते मागून पायी चालणाऱ्याच्या वेगाने व्हॅन आणू लागले. काही रविवार असेच गेले. आम्ही काम करायचो तेव्हा ते गाडीतच बसायचे. वकीलसाहेबांनी त्यांना भोंगा असं नाव ठेवलं, कारण ते इतकं हळू बोलायचे की काच खाली केल्याशिवाय ऐकू येत नसे. काकांना त्याचं काही वाटलं नाही. उलट एकदा चहा पिताना म्हणाले, "भोंगा मी फार कमी वाजवायचो. रस्ता मोकळा असला तर बंदच. आत झोपलेल्या माणसाला वाटतं, आपल्यासाठी एवढी बोंबाबोंब चाललीय म्हणजे आपलं काही खरं नाही."

वकीलसाहेब आमच्यातले शेवटचे. वजन भरपूर, आणि जीभ त्याहून भारी. एका रविवारी ते मागे पडत पडत व्हॅनशी आले आणि काचेवर टकटक केली.

"काका, दार उघडा जरा."

काकांनी काच खाली केली. "काय होतंय? छातीत दुखतंय?"

"नाही."

"डावा हात जड वाटतोय? घाम थंड आहे का?"

"नाही हो. दम लागलाय नुसता."

"मग पळा," काका म्हणाले आणि काच वर केली.

वकीलसाहेब भडकले. पुढच्या वळणापर्यंत त्यांनी काकांना कायद्याची भाषा ऐकवली, आणि ऐकवता ऐकवता वळणापर्यंत पळत गेले. तिथे उभं राहून म्हणाले, "सोपं वाटतंय ना आत बसून? उतरा आणि तुम्हीच पळून दाखवा."

काकांनी गाडी कडेला घेतली. हँडब्रेक ओढला. खाली उतरून मफलर नीट केला आणि किल्ली वकीलसाहेबांच्या हातात ठेवली. मग ते चालू लागले. पळाले नाहीत, नुसते भराभर चालले, पुढच्या दिव्याच्या खांबापर्यंत. तिथे खांबाला धरून उभे राहिले, आणि पुन्हा पुढच्या खांबापर्यंत. त्या दिवशी काम होतं एका अंध जोडप्याच्या अंगणातली पानं गोळा करायचं. आम्ही तिथे पोचून हातमोजे चढवले, पण बाईंनी शिट्टी वाजवली नाही. आमच्यात तसा नियमच आहे, शेवटचा माणूस आल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही. सगळे फाटकाशी उभे राहिलो. थंडीने नाकं लाल झाली होती. बऱ्याच वेळाने कोपऱ्यावरून काका आले, तोंडातून वाफ सोडत, आणि आपल्यासाठी एवढी माणसं खोळंबली आहेत हे पाहून जागच्या जागी थांबले.

"सुरू करायचं ना," ते अवघडून म्हणाले.

"तुमचीच वाट बघत होतो," बाई म्हणाल्या आणि शिट्टी वाजवली.

नंतर काकूंनी सांगितलं की घरी गेल्यावर काका गरम पाण्यात पाय सोडून बसले आणि दोनदा म्हणाले, "सगळे थांबले होते गं." जन्मभर दुसऱ्यांनी वेळेत पोचावं म्हणून ज्याने जिवाचं रान केलं, त्याच्यासाठी कोणी थांबलेलं बहुधा हे पहिल्यांदाच.

तेव्हापासून जाताना काका गाडी चालवायचे आणि येताना वकीलसाहेब. हिवाळा सरेपर्यंत चालण्याचं हळू पळणं झालं. काकांचे पाय सुजायचे थांबले. वकीलसाहेबांचा पट्टा दोन भोकं आत गेला, आणि त्याचं श्रेय ते कोर्टात सगळ्यांना काकांच्या काच वर करण्याला देऊ लागले.

आता मुख्य गोष्टीकडे येते. ती घडली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात.

त्या आठवड्यात माझा घोटा मुरगळला होता म्हणून मी व्हॅनमध्ये काकांच्या शेजारी बसले होते. धुकं इतकं दाट होतं की पुढे पळणारी मंडळी फक्त आवाजाने कळत होती. निघण्याआधी बाईंनी काम सांगितलं होतं. चढावरचं एक घर, आजी एकट्याच राहतात, पन्हळ तुंबल्यामुळे पाणी स्वयंपाकघरात शिरतंय आणि दाराकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर शेवाळ साचलंय. पत्ता ऐकल्यापासून काका गप्प होते. तसे ते नेहमीच गप्प असायचे, पण ही शांतता वेगळी होती. वळणावळणाच्या गल्ल्यांतून त्यांनी कोणालाही न विचारता गाडी बरोबर नेली.

"तुम्हाला रस्ता पाठ दिसतोय," मी म्हणाले.

"आता आहे," ते म्हणाले.

ते घर गल्लीपेक्षा खाली होतं. गाडी वर थांबायची आणि दगडी पायऱ्या उतरून दाराशी जायचं. पायऱ्या मध्येच काटकोनात वळत होत्या, आणि वळणावर लोखंडी कठडा होता. काका त्या वळणावर कठड्याला हात लावून उभे राहिले. मी लंगडत मागून येत होते. ते स्वतःशीच पुटपुटले, "इथे उचलून कठड्यावरून घ्यावं लागतं. नाहीतर वळत नाही."

मला वाटलं, गाळ न्यायच्या हातगाडीबद्दल बोलतायत.

त्या दिवशी त्यांनी पायऱ्यांना दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. बाकीचे छपराशी शिडी लावून पन्हळीतला गाळ काढत होते, कोणी अंगण झाडत होतं. काका गुडघ्यावर बसून तारेच्या ब्रशने एकेक पायरी घासत होते. आजी बाहेर आल्या. बुटक्या, चटपटीत बाई, अंगात पुरुषी स्वेटर, आणि एक काडी सैल झाल्यामुळे चष्मा कानावरून सारखा घसरत होता. त्यांनी सगळ्यांना चहा दिला आणि काकांपाशी येऊन थांबल्या.

"अहो, जरा बेताने. दगड झिजेल की."

काकांनी मान वर केली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मग नुसतं हसून पुन्हा ब्रश चालवायला लागले. मी आजींचा चष्मा दुरुस्तीला घेतला. त्यांच्याकडे जुना एक होता, तो लावून त्या आम्हाला निरोप द्यायला वरपर्यंत आल्या.

परतताना पायांवर जोर नको म्हणून मी गाडीतच होते, आणि त्या दिवशी काकाही पळाले नाहीत. गाडी सुरू न करता ते स्टिअरिंगवर हात ठेवून बसले.

"या घरातून मी एका माणसाला नेलं होतं," ते म्हणाले. "बरीच वर्षं झाली. या मावशींचे यजमान असणार. रंगाचे डाग पडलेला सदरा होता अंगात. छाती धरून पडले होते. पायऱ्यांवरून वर आणताना माझा पाय सरकला होता, पण स्ट्रेचर सोडलं नाही."

"मग? वाचले ते?"

"माहीत नाही."

मला नवल वाटलं. काका माझ्याकडे न बघता बोलत राहिले. "आमचं काम दारापर्यंत. दारात सोडायचं, गाडी वळवायची, पुढचा फोन. आत काय झालं ते आम्हाला कोण सांगणार? आणि मी विचारायचोही नाही."

"पण काकू तर तिथेच आहेत. त्यांना माहीत असेल."

"तिच्याशी तर करारच आहे," काका म्हणाले. "लग्न नवं होतं तेव्हा मी रोज विचारायचो. अमक्याचं काय झालं, तमकीचं काय झालं. एकदा एक लहान मुलगी आणली होती. मी विचारलं, हिने खरं ते सांगितलं. त्यानंतर दोन दिवस मला गाडीच चालवता येईना. तेव्हा ती म्हणाली, यापुढे तुम्ही विचारायचं नाही आणि मी सांगायचं नाही. तेव्हापासून घरी आम्ही भाजीचं बोलतो, भाड्याचं बोलतो, तिच्या भावाच्या पोरांचं बोलतो. दवाखान्याचं नाही."

मी त्या दोघांचं घर डोळ्यांसमोर आणलं. एका उशीवर सगळ्या गोष्टींची सुरुवात, दुसऱ्या उशीवर सगळ्यांचे शेवट, आणि मधे कोणी काही बोलत नाही.

त्याच दुपारी काकांनी करार मोडला. काकू गणवेशाला इस्त्री करत होत्या. काका दाराच्या चौकटीत उभे राहिले आणि म्हणाले, "चढावरच्या घरातले. रंगाचे डाग असलेला सदरा. आठवतात का?"

काकूंनी इस्त्री उभी करून ठेवली.

"आठवतात," त्या म्हणाल्या. "पण मी सांगणार नाही. घर माहीत आहे ना? जा आणि विचारा."

"वाईट असलं तर?"

"तर ऐकून घ्या. आता तुम्हाला लगेच दुसऱ्या फेरीला निघायचं नाहीये."

दोन-तीन दिवसांनी काका माझ्या दुकानात आले. आजींचा चष्मा तयार आहे का, असं विचारलं. तयार होता. मग काउंटरवरच्या फ्रेमा उगाच सरळ करत म्हणाले, "पोरी, तू येशील का बरोबर? कठडा हलतोय तिथला, तो बसवायचाय मला. एकट्याने जायला जरा..." आणि वाक्य तिथेच सोडलं.

आम्ही गेलो. काकांनी आधी कठडा घट्ट बसवला, सिमेंट भरलं, वर ओलं पोतं टाकलं. मी आजींना चष्मा घालून दिला. काडी आता कानामागे नीट बसत होती. आजींनी आम्हाला स्वयंपाकघरात बसवलं. भिंतीवरचं पाणी वाळून पिवळसर डाग राहिला होता. ओट्यावरचे डबे रंगवलेले होते, आणि प्रत्येकावर सुरेख अक्षरात आत काय आहे ते लिहिलेलं. मीठ. साखर. एका छोट्या डब्यावर नुसतंच 'बघू नका' असं होतं.

"हे कोणी लिहिलं?" मी विचारलं.

"आमच्या ह्यांनी. पाट्या रंगवायचे ना ते. दुकानांच्या, शाळांच्या. हात शिवशिवले की घरातलं जे दिसेल ते रंगवायचे."

काकांनी कप खाली ठेवला. "मावशी," ते म्हणाले, "एकदा त्यांच्या छातीत दुखलं होतं. सकाळची वेळ होती. त्यांना नेलं ती गाडी मी चालवत होतो."

 आजींनी चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला आणि काकांचा चेहरा नीट पाहिला.

"तू तो रस्ता विचारणारा ड्रायव्हर?"

काका गोंधळले.

"अरे, माझी मुलगी तेव्हा लहान, तापाने फणफणलेली. तिला शेजारी सोपवून मी मागून आले, त्यामुळे तुझं तोंडच बघितलं नाही मी. पण ह्यांनी मला शंभरदा सांगितलंय. म्हणायचे, डोळे मिटायला लागले होते माझे, फार बरं वाटत होतं, झोपच येत होती. तेवढ्यात पुढून तो ड्रायव्हर विचारायचा, 'आता डावीकडे का हो?' मी सांगायचो, डावीकडे. पुन्हा डोळे मिटायला लागले की, 'आता पुढे रस्ता खणलाय, कुठून घेऊ?' ते म्हणायचे, मला काळजी पडली. या बिचाऱ्याला रस्ताच माहीत नाही, मी इथे झोपलो तर हा दवाखान्यात पोचणार कसा? म्हणून मी डोळे उघडे ठेवले. आतले डॉक्टर नंतर म्हणाले, जागे राहिलात हे फार बरं केलंत. ह्यांचं ठाम मत होतं, तो ड्रायव्हर महाहुशार. मला जागं ठेवायला मुद्दाम विचारत होता."

काका आजींकडे टक लावून बघत होते. "म्हणजे... वाचले?"

"वाचले म्हणजे? याच पायऱ्या स्वतःच्या पायांनी उतरून आले. मुलीचं लग्न केलं. नातीला मांडीवर बसवून ब्रश धरायला शिकवलं. नंतर खूप हिवाळे बघितले त्यांनी, आणि गेले ते झोपेत, शांत. तुला कोणी सांगितलंच नाही?"

काकांनी मान हलवली. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. ते हसत होते. हसता हसता डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते मफलरने पुसत होते.

"मावशी," ते कसेबसे म्हणाले, "हुशारी कसली? मला खरंच रस्ता माहीत नव्हता. या भागात माझी बदली नुकतीच झाली होती. सगळीकडे खणून ठेवलेलं. मला घाम फुटला होता. त्यांनी सांगितलं नसतं तर मी अजून फिरत असतो."

आजीही अशा हसायला लागल्या की त्यांना ओट्याचा आधार घ्यावा लागला. "बरं झालं हे त्यांना कळलं नाही," त्या म्हणाल्या. "म्हणजे दवाखान्यात त्यांचे तेच गेले म्हणायचे."

"हो. मी नुसती गाडी चालवली."

हसू ओसरल्यावर आजी म्हणाल्या, "तुझे आभार मानायला ते गाड्यांच्या ऑफिसात गेले होते बरं का. तिथे कोणी नाव सांगेना. मग घरी येऊन पत्रा कापला, रंगवला आणि स्वतः जाऊन कोपऱ्यावर ठोकून आले. म्हणाले, पुढच्या ड्रायव्हरला तरी विचारायला लागू नये."

काका उठून उभे राहिले. "लाल बाणाची पाटी? दवाखान्याकडे वळायच्या कोपऱ्यावरची?"

"तीच."

"ती पाटी त्यांनी लावली?" काकांनी विचारलं. "मावशी, मी निवृत्त होईपर्यंत या भागातून येताना त्या पाटीवर वळायचो. धुक्यात दुसरं काही दिसायचं नाही, तो लाल बाण तेवढा दिसायचा. कितीजणांना नेलं असेल त्याच्यावरून. मला वाटायचं सरकारी आहे."

"सरकारी अक्षर इतकं चांगलं असतं का?" आजी म्हणाल्या.

जाताना आम्ही तिघं त्या कोपऱ्यावर गेलो. पाटी होती, पण रंग उडून बाण गुलाबी झाला होता आणि खालच्या बाजूने पत्रा गंजला होता. आजी तिच्याकडे बघत होत्या. काका आजींकडे बघत होते. त्यांनी दोन्ही हात जोडले, आजींना की पाटीला ते मला कळलं नाही, मी विचारलंही नाही.

पुढच्या रविवारी बाईंनी ठरलेलं काम बाजूला ठेवलं आणि आम्ही सगळे त्या कोपऱ्यापर्यंत पळालो. आजींची नात आली होती. तिने आजोबांचे ब्रश आणले होते. वकीलसाहेबांनी गंज घासला, काकांनी शिडी धरली, आणि नातीने बाण पुन्हा लाल केला. अक्षरं तिने आजोबांच्या वळणावरूनच गिरवली, नवी काढली नाहीत. ती एकेक रेघ ओढत असताना आम्ही सारे थंडीत हात चोळत उभे होतो आणि कोणीही निघायची घाई करत नव्हतं.

त्यानंतर काकांच्या घरी बोलणं सुरू झालं. रविवारी पळून आल्यावर, आंघोळी झाल्या की, काका एखाद्याची आठवण काढतात. पुलाखालची बाई. लग्नाच्या कपड्यांतला तो मुलगा. काकू आठवून सांगतात. सगळं चांगलंच निघतं असं नाही. कधी काकू नुसती मान हलवतात. पण काकू म्हणतात, त्यांनाही बरं वाटतं. इतकी वर्षं त्या माणसांना दारातून आत आलेलंच पाहायच्या; त्यांना तिथवर कोणी कसं आणलं, वाटेत ती काय बोलली, हे त्यांनाही नवऱ्याकडूनच कळतंय. त्या लहान मुलीबद्दल काकांनी एकदा पुन्हा विचारलं. या वेळी काकूंनी सगळं सांगितलं, शेवटपर्यंत तिच्याजवळ कोण होतं तेही. जवळ काकूच होत्या. काकांना हे कधी माहीतच नव्हतं. ते काकूंचा हात धरून बराच वेळ बसून राहिले.

एकदा अंगणात पानं गोळा करताना काका मला म्हणाले, "मला वाटायचं माझ्या हातून कोणीच पोचलं नाही. म्हणजे पोचले, पण कुठे पोचले ते कळलं नाही. या गटाने मला मागच्या रस्त्याने परत नेलं बघ." मग असं काही बोलून गेल्याची त्यांना लाज वाटली असावी. लगेच म्हणाले, "पोतं नीट धर, सांडतंय."

यंदा काकूही निवृत्त झाल्या. पहिल्याच रविवारी त्या नवे बूट घालून आल्या आणि बाईंच्या बरोबरीने पुढे निघाल्या. वॉर्डाच्या लांबलचक गल्लीत जन्मभर धावलेली बाई ती. काका आमच्याबरोबर मध्यात होते, दम राखून, लयीत. पुढे काकूंची पाठ धुक्यात दिसेनाशी होऊ लागली तशी त्यांनी जरा वेग वाढवला, आणि मग विचार बदलून पुन्हा कमी केला.

"जाऊ दे तिला," ते मला म्हणाले. "ती थांबेल तिथे."

मागून व्हॅन येत होती. त्या दिवशी जातानाही स्टिअरिंगवर वकीलसाहेब, शेजारच्या सीटवर चढावरच्या आजी, मांडीवर चहाचा मोठा थर्मास. आजी पळत नाहीत, पण आता एकही रविवार चुकवत नाहीत. काच खाली होती आणि त्यांचा आवाज आमच्यापर्यंत येत होता. त्या वकीलसाहेबांना गाडी सावकाश चालवायला सांगत होत्या, कारण चहा सांडत होता.